ऑटिस्टिक तरुणांचा गट चालवताय? या चुका टाळा

पहिल्याच दिवशी खुर्च्या गोलात मांडायच्या आणि म्हणायचं, 'चला, एकेकाने स्वतःबद्दल सांगा.' कृपा करून हे बंद करा. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर, पाळी जवळ येतेय, आणि नेमकं काय सांगायचं हे कुणी सांगितलेलंच नाही. निम्मे जण तिथेच ठरवतात की पुन्हा यायचं नाही.

ही चूक माझ्याही हातून झालीये. एक मुलगा दर आठवड्याला दहा मिनिटं आधी यायचा. खिडकीजवळ बसून पेन उघडायचा, टोपण, रिफील, स्प्रिंग टेबलावर ओळीने मांडायचा, पुन्हा जोडायचा. चार आठवडे अवाक्षर नाही. पाचव्या आठवड्यात मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आज तू सुरुवात कर." त्याने पेन जोडलं, खिशात ठेवलं आणि उठून गेला, तो परत आलाच नाही. तीन महिन्यांनी मेसेज आला, 'मला तिथे बसायला आवडायचं.' तो केव्हाच गटातला झाला होता, आणि मी त्याला अजून गटात आणायला धडपडत होतो.

तेव्हापासून माझ्याकडे 'पास' म्हणायला कारण लागत नाही. दोन दिवस आधी मेसेज जातो: कोण येणार, काय करणार, किती वाजता संपणार, सोबत खोलीचा फोटो. टेबलावर बोर्ड गेम, नकाशे, जोडायचे सुटे भाग असं काहीतरी असतंच. हात कामात असले की बोलणं आपसूक येतं, नाही आलं तरी चालतं.

दुसरी चूक मला जास्त छळते: डोळ्यांत बघायला शिकवणं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या नादात त्याचं बोलणंच निसटतं, असं कितीतरी जण सांगतात. शिवाय दिवसभर 'नॉर्मल' दिसायची कसरत करून थकलेल्या माणसाला इथेही तेच करायला लावायचं? डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांमधलं न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. पुढे 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या प्रयोगात कानगोष्टीसारखी आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांनी ती बिगर-ऑटिस्टिक साखळ्यांइतकीच नीट पोचवली. मिश्र साखळ्यांमध्ये ती जास्त गळत गेली. मग एकट्या त्यांनाच धडे का?

ज्याला स्वतःहून कौशल्यं शिकायचीत, त्याने जरूर शिकावीत. लोकांत मिसळायची कौशल्यं शिकवणारा तरुणांसाठीचा 'पिअर्स' (PEERS) कार्यक्रम 16 आठवड्यांचा असतो, सोबत कोचही असतो. उतावळे लोक तोच चार रविवारांत उरकतात आणि वर म्हणतात, 'मुलांना फरक पडला नाही.' हे बघून मला खरंच चीड येते.

लुकलुकणारी ट्यूबलाइट आधी बदला. पालकांना खोलीत बसवू नका. पंचवीस वर्षांच्या माणसाला शाबासकीचे स्टिकर देऊ नका. त्याच्याबद्दल त्याच्यासमोर तिसऱ्याशी बोलू नका.

आणि वेळ संपली की लगेच खोलीला कुलूप लावू नका. मी अर्धा तास जास्तीचा धरून ठेवतो. चपला घालता घालता दोघं एकमेकांचा नंबर घेतात, ते याच अर्ध्या तासात.