वडिलांची तिथी लिहून ठेवा

वडील गेले ती तारीख घरात सगळ्यांना पाठ असते. तिथी विचारली की जुनं कॅलेंडर शोधायची धावपळ. वर्षश्राद्ध मात्र तिथीने होतं आणि तारखेच्या हिशेबात ती दरवर्षी मागेपुढे सरकते. म्हणून महिना, पक्ष, तिथी असं पूर्ण लिहा, उदाहरणार्थ 'कार्तिक वद्य पंचमी', त्यांच्या फोटोमागच्या पुठ्ठ्यावर. (व्हॉट्सॲपवर टाकलेलं वर्षभराने कुणाला सापडतं?) भाद्रपदात पितृपंधरवड्यात महालयही त्याच तिथीला. ती हुकली, तर सर्वपित्री अमावास्या आहेच. पानात खीर, वडे, अळूवडी असतेच; शेजारी त्यांच्या आवडीचं काही वाढा, अगदी शेव-चिवडासुद्धा. विधी करायचे नसतील, तर त्या दिवशी त्यांच्या नावाने गावच्या शाळेत वह्या द्या.