क्षेपणास्त्रात स्वतःचा संवेदक कधी बसवावा?

ऑरोरा ४एक्स या अंतराळातील साम्राज्य-उभारणीच्या संगणकीय खेळात क्षेपणास्त्राला लक्ष्यापर्यंत नेण्याचे काम मुळात जहाजावरील अग्निनियंत्रण (नेम धरून मारा चालवणारी) यंत्रणा करते. त्यामुळे पहिल्या फेरीतच शत्रूचे जहाज नष्ट झाले किंवा आपले जहाज नष्ट झाले, तर मागून येणारी, स्वतःचा संवेदक नसलेली क्षेपणास्त्रे वाया जातात. माझी तब्बल चोवीस क्षेपणास्त्रे एकदा अशीच हवेत, म्हणजे पोकळीत, विरली. क्षेपणास्त्रातच लहानसा सक्रिय संवेदक (रडारसारखा स्वतः संकेत सोडून लक्ष्य शोधणारा) असल्यास ते आवाक्यातील दुसरे लक्ष्य स्वतः शोधते. मात्र त्यासाठी लागणारी जागा स्फोटक, इंजिन आणि इंधन यांच्या वाट्यातूनच काढावी लागते, म्हणून सरसकट प्रत्येक क्षेपणास्त्रात संवेदक बसवणे मला उधळपट्टी वाटते.

खरी गोम आहे ती रिझोल्यूशन, म्हणजे संवेदक किती मोठ्या लक्ष्यासाठी जुळवलेला आहे तो आकडा, ठरवण्यात. येथे १ म्हणजे ५० टन, त्यामुळे १०० रिझोल्यूशनचा संवेदक ५,००० टनांच्या जहाजासाठी योग्य ठरतो. परंतु लक्ष्य त्याहून लहान असेल तर पल्ला आकाराच्या प्रमाणात नव्हे, तर त्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो, आणि २,५०० टनांचे जहाज दिसण्यासाठी क्षेपणास्त्राला मूळ पल्ल्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतके जवळ जावे लागते. शत्रूच्या जहाजांचे वजन आधी टेहळणीतून समजले असेल, तर रिझोल्यूशन त्यांतील सर्वांत लहान, पण मारण्याजोग्या जहाजाएवढे ठेवावे. उष्णतासंवेदक जागा वाचवण्यासाठी निवडू नये, कारण इंजिन बंद ठेवून थांबलेले जहाज त्याला फार जवळ गेल्यावरच दिसते.