विकिपीडियावर 'आमचं पेज' नसतं! पीआरवाल्यांनो, या चुका टाळा

नवीन क्लायंट आला की पहिल्याच मीटिंगमधे एक मागणी ठरलेली, "इन्स्टा, लिंक्डइनसोबत आमचं विकिपीडिया पेज पण बनवून टाका ना." आणि आपला अकाउंट मॅनेजर हो म्हणून मोकळा होतो. इन्स्टाचा पासवर्ड आपल्याकडे असतो हो, पण विकीवरच्या लेखावर कंपनीचा काडीचाही हक्क नसतो, तुम्ही आज लिहिलेलं उद्या कुणीही खोडू शकतं. बाकीच्या चुका इथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडते ती चोरून केलेली एडिट. लंडनची बेल पॉटिंजर ही बडी पीआर फर्म २०११ मधे यातच सापडली, क्लायंटच्या लेखांत गुपचूप बदल केले म्हणून पेपरात बदनामी झाली ती वेगळीच. २०१५ मधे तर इंग्रजी विकीने पैसे घेऊन लिहिणारी ३८१ खाती एका फटक्यात बंद केली. जून २०१४ पासून वापराच्या अटींमधेच आहे की पैसे घेऊन एडिट करत असाल तर तुमची एजन्सी कोण, क्लायंट कोण हे जाहीर करायचं. मग करा ना जाहीर, सदस्य पानावर, म्हणजे आपल्या खात्याच्या ओळखपानावर, दोन ओळी तर लिहायच्यात.

कुणी तुमची एडिट काढून लेख आधीसारखा केला? परत परत तीच टाकत बसू नका. लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे त्या लेखातल्या बदलांवर बोलायच्या पानावर जा, मी अमुक कंपनीसाठी काम करतो असं सांगा, चुकीचं वाक्य दाखवा, बरोबर माहिती द्या आणि सोबत क्लायंटशी संबंध नसलेला सोर्स द्या. आणि फॉलोअर्सना "जाऊन एडिट करा" असं आवाहन तर अजिबात नको.

खातं ब्लॉक झालं तर आधी नाव बघा, कंपनीच्या नावाचं खातं इंग्रजी विकीवर चालत नाही. ब्लॉकच्या सूचनेत परवानगी नसताना दुसरं खातं काढलंत तर अजून अडकाल, त्यापेक्षा स्वतःच्या चर्चा पानावर नाव बदलून मागा.

लेखच उडाला असेल तर बहुतेक वेळा भाषा सुधारून काही होत नाही. प्रेस रिलीज, पैसे देऊन छापून आणलेली पुरवणी, सीईओची गोड गोड मुलाखत यातलं काहीच दखलपात्रतेसाठी, म्हणजे विषय स्वतंत्र लेखाच्या लायक आहे हे दाखवायला, धरत नाहीत, हे क्लायंटला कोटेशन देतानाच सांगा.

फोटोंचं पण तसंच. कंपनीने फोटो मुक्त लायसन्सवर दिला की तो कुणीही धंद्यासाठी पण वापरू शकतं, हे कळल्यावर निम्मे क्लायंट मागे सरतात. २०१९ मधे द नॉर्थ फेस या भटकंतीचे कपडे विकणाऱ्या ब्रँडने विकीवरच्या पर्यटनस्थळांचे फोटो बदलून स्वतःचा माल दिसणारे फोटो घुसवले, वर त्याचा व्हिडिओ काढून मिरवलं पण! स्वयंसेवकांनी ते काढले आणि कंपनीला माफी मागावी लागली.

सोशल मीडिया आपल्या हातात असतो म्हणून तिथे मनमानी चालते असंही नाही. २०१० मधे ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने जंगलं तोडून मिळवलेल्या पाम तेलावरून नेस्लेला धरलं तेव्हा नेस्लेच्या फेसबुक पेजवर लोक कंपनीचाच बदललेला लोगो लावून यायला लागले, पेज सांभाळणाऱ्याने कमेंट डिलीट करायची धमकी दिली, वर टोमणे मारले आणि प्रकरण दुप्पट पेटलं.

आणि हो, इंग्रजीत उडालेला लेख गूगल ट्रान्सलेट मारून मराठी विकीवर टाकायची आयडिया कुणी दिली तर सरळ नाही म्हणा, जाहिरातबाज लेख तिथेही काढतात.