गाळ आणायला ध्रुवाकडे निघताना

पंचगंगेचा पूर ओसरला की शेतात बसलेला गाळ कोल्हापूरकराला कुणी समजावून सांगावा लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमधलं पाणी उतरल्यावर नदीकाठच्या एका मळ्यात मी तो गाळ खुरप्यानं उभा कापून पाहिला होता. तळाला रेताड, त्यावर लोण्यासारखा मऊ, आणि सगळ्यात वर उन्हानं तडकलेला पापुद्रा. एका पुराची हकिगत दोन बोटांच्या जाडीत बसली होती. ध्रुवाजवळच्या काही तळ्यांत असा एक जोडथर दरवर्षी बसतो, हजारो वर्षं, एकावर एक. त्यावरून जुनं हवामान वाचायला तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदा निघालं असेल, तर ही तयारी त्यांच्यासाठी.

सामानाला हात लावण्याआधी एक बरणी घ्या. तीत मूठभर काळी माती आणि पाणी घालून जोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. रेती क्षणात खाली बसते, पण पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसतं. दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, चिकणमातीचा कण थंड पाण्यात दिवसाला वीतभरसुद्धा उतरत नाही. तळं तीस मीटर खोल असेल तर त्याला तळ गाठायला पाचेक महिने हवेत, आणि तेही पाणी अगदी निवांत असेल तर. ध्रुवाकडच्या तळ्यावर हिवाळ्यात बर्फाचं झाकण बसतं. वारा नाही, लाट नाही, ओढा गोठलेला. तेव्हा हा बारीक गाळ खाली येतो आणि त्याचा पातळ, बहुधा गडद थर होतो. उन्हाळ्यात हिमनदी आणि बर्फ वितळून ओढे वाहू लागले की जाडसर, फिकट थर पडतो. दोन्ही मिळून एक वर्ष. याला वार्व म्हणतात, शब्द स्वीडिश आहे. जेरार्ड द येर या स्वीडिश भूवैज्ञानिकानं असे थर मोजून गेल्या 12,000 वर्षांचा कालक्रम 1910 साली स्टॉकहोमच्या परिषदेत मांडला. बरणीतला गाळ खाली बसताना स्वतः पाहिलेला माणूस पुढे थर मोजताना कमी चुकतो, असा माझा अनुभव आहे.

कागदपत्रांचं लवकर उरका. आपल्याला जायचंय त्या स्वालबार्डचा, म्हणजे आर्क्टिकमधल्या द्वीपसमूहाचा, ताबा नॉर्वेकडे असला तरी तो शेंगेन, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर तुम्ही नॉर्वेत दुसऱ्यांदा प्रवेश करता. व्हिसा दोन प्रवेशांचा मागा, नाहीतर येताना अडकाल. तिथल्या प्रशासनाची संशोधनाची परवानगी काही महिने आधी लागते, आणि संरक्षित भागातून नमुने काढायचे तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र 2008 पासून स्वालबार्डमध्येच, न्यू-ओलेसुंडला आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालतो. म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं इथून एका दिवसाच्या वाटेवर आहेत. ईमेलवर ईमेल पाठवत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन भेटा.

आता तळातला गाळ थरांसकट उभा कापून वर आणायची नळी. सगळा जीव इथे ओता. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची नळी घ्या, म्हणजे आत काय आलंय ते तळ्यावरच दिसतं. तिची खालची कड बाहेरून तासून धारदार करायची. बोथट कड थर कापत नाही, दाबून वाकवते. उद्यमनगरातल्या लेथवाल्या मिस्त्रींकडे एक तुकडा घेऊन जा आणि कशासाठी हवंय ते नीट सांगा. मी सांगितल्यावर त्यांनी आपणहून दोन्ही टोकांसाठी रबरी बुचांचं माप काढून दिलं होतं. प्रत्येक नळीवर 'वर' असा बाण, तारीख, जागा आणि पाण्याची खोली लिहायची, तीही दोन ठिकाणी, कारण ओल्या हातानं एक तरी पुसलं जातंच.

रंगीत तालीम इथेच करा. रंकाळ्यावर परवानगीशिवाय काही टाकू नका. एखाद्या गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज द्या, बहुधा लोक आनंदानं हो म्हणतात आणि बघायला गर्दीही करतात. वार्षिक थर मात्र तिथे शोधू नका. आपल्या उथळ तळ्यांत किडे, मासे आणि म्हशी मिळून तळ ढवळून काढतात. ध्रुवाकडे तळ ढवळणारे जीव फार थोडे, म्हणून तिथले थर टिकतात. गावतळ्यावर शिकायचं ते एवढंच, की नळी सरळ कशी उतरवायची, वर ओढताना खालचं बूच कोणत्या क्षणी बसवायचं, आणि मिळालेला गाळ न हलवता घरी कसा आणायचा.

त्या शेवटच्या गोष्टीत मी चुकलो होतो. गगनबावड्याच्या रस्त्यानं परत येताना जीपमध्ये जागा नव्हती म्हणून नळी आडवी ठेवली. कोल्हापुरात उतरवली तेव्हा वरचा पाच सेंटिमीटर गाळ पातळ खिरीसारखा एक झाला होता. तालीमच होती, म्हणून निभावलं. पण हिशेब करून बघा. वर्षाला एक मिलिमीटर थर बसत असेल तर पाच सेंटिमीटर म्हणजे पन्नास वर्षं, आणि तीही अलीकडची. स्वालबार्डच्या तापमानाच्या नोंदींची जोडून तयार केलेली मालिका 1898 पर्यंत मागे जाते. गाळातला कोणता थर किती उष्ण उन्हाळा सांगतो हे शिकायचं तर तो थर आणि तापमापकाची नोंद एकाच वर्षाची हवी. ही ओळख पटवून देणारा भाग नळीच्या माथ्याशी, जेमतेम तेरा सेंटिमीटरांत असतो. तो बिघडला की खालची हजारो वर्षं हातात असूनही त्यांना अंश सेल्सियसमध्ये बोलतं करता येत नाही.

म्हणून माथा जपा. गाळावरचं पाणी लगेच ओतू नका. नळीला गाळाच्या जरा वर बारीक भोक पाडून ते थेंबथेंब जाऊ द्या. मग फुलांची सजावट करणाऱ्यांकडे मिळतो तो हिरवा फोम नळीच्या मापाचा कापून अलगद वर बसवा. तो उरलेलं पाणी शोषतो आणि माथा धरून ठेवतो. नळी उभीच न्यायची, उभीच ठेवायची, अंधारात, चार अंशांच्या आसपास. गोठू द्यायची नाही, बर्फाचे स्फटिक थर फाडतात.

थंडीची तयारी कपड्यांपुरती नाही. सुती काहीही अंगाला लावू नका, घाम धरतं आणि मग गारठा आत शिरतो. लोकरीचे पातळ थर एकावर एक घाला. हातमोजे दोन, आतला इतका पातळ की पेन्सिल धरता यावी. पेन नेऊ नका, शाई गोठते. बॅटऱ्या छातीशी असलेल्या खिशात ठेवा. आणि शहरातल्या एखाद्या बर्फाच्या कारखान्यात तासभर उभं राहून, मोजे घालून, दोरीला गाठ मारण्याचा आणि बूच बसवण्याचा सराव करा. इथे अर्ध्या मिनिटाचं वाटणारं काम तिथे किती वेळ खातं ते आधीच कळलेलं बरं. नळी उतरवायला बर्फात भोकं पाडावी लागतात, त्या प्रत्येक भोकापाशी बर्फाची जाडी मोजा, ओढा तळ्यात शिरतो तिथे तो फसवा असतो. वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलाचा धोका कायम असतो, त्यामुळे बंदुकीचं प्रशिक्षण आणि पहाऱ्याची पाळी कुणी टाळायची नाही. गाळ कितीही चांगला येत असला तरी पहारेकऱ्यानं नळीकडे बघायचं नाही.

वर्षं पडताळायची कशी, हेही निघण्याआधीच वहीत लिहून काढा. नुसत्या मोजणीवर विश्वास नको. एका दरडीनं एका दिवसात जाड थर पडतो, एखादं वर्ष वाहूनही जातं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी आलेला जोराचा पाऊस स्वतःचा वेगळा थर टाकतो, जो वितळलेल्या बर्फाचा समजून हमखास फसायला होतं. म्हणून तळ्याच्या दोन-तीन ठिकाणांहून नळ्या काढा. शिसे-210 या किरणोत्सारी शिशाचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 22 वर्षं, ते वरचं शतक-सव्वाशतक सांभाळतं. सीझियम-137 चं शिखर 1963 वर बोट ठेवतं, कारण हवेतल्या अणुचाचण्यांची धूळ तेव्हा सर्वांत जास्त खाली बसली. तुमच्या मोजणीत ते 1963 च्या थरात आलं नाही, तर मोजणी चुकली असं समजून पुन्हा बसा. त्याहून खाली कार्बन-14, म्हणजे जुन्या वनस्पतींचं वय सांगणारा किरणोत्सारी कार्बन. इथे स्वालबार्डची एक खोड ध्यानात ठेवा. तिथे दगडी कोळसा आहे, आणि त्याची पूड गाळात मिसळली की वय भलतंच जुनं निघतं. सरसकट गाळ पाठवू नका, चाळून जमिनीवरच्या झुडपाचं एखादं पान शोधा. ध्रुवीय विलोचं पान नखाएवढं असतं, पण त्या एका पानावर सगळा कालक्रम उभा राहतो.

थर मोजणारे किमान दोघं ठरवून जा, आणि एकानं दुसऱ्याचा आकडा पाहायचा नाही. फरक येईल. तो लपवू नका, तोच तुमच्या कालक्रमातल्या चुकीचा खरा अधिक-वजा अंदाज आहे. आर्क्टिकमधल्या तळ्यांचा गाळ, हिमगाभे (हिमनदीतून नळीसारखे कापून काढलेले बर्फाचे खांब) आणि झाडांच्या खोडातली वर्षावर्षाची कडी एकत्र लावून 2009 साली दाखवलं गेलं की जवळजवळ 2000 वर्षं सावकाश थंड होत आलेला तो प्रदेश विसाव्या शतकात उलटा तापू लागला. एवढं मोठं विधान उभं राहतं ते कुणीतरी मिलिमीटरभर जाडीचे थर सचोटीनं मोजले म्हणूनच.

शेवटची तयारी परत आल्यानंतरच्या दिवसाची, पण ती इथूनच करून जायची. नळी उभी चिरली की एक अर्धा भाग न वापरता जपून ठेवायचा, नंतर येणाऱ्या कुणासाठी तरी. दुसऱ्यावर काम करायचं. हवा लागताच गाळातलं लोह गंजू लागतं आणि बघता बघता थरांचे रंग बदलतात. म्हणून कॅमेरा, दिवे आणि मोजपट्टी आदल्या दिवशीच टेबलावर लावून ठेवा, एक फोटो काढून प्रकाश तपासा, आणि मगच नळीला पातं लावा.