दोन विरोधी टोकं एकत्र धरायची कशी?

तीस वर्षं मी भूमिती शिकवली. त्यामुळे 'विरोधी गोष्टी शेवटी एकच असतात' असं कोणी म्हटलं की मी विचारते, कशा एक? दाखवा. बरीच वर्षं उत्तर मिळत होतं, 'सगळं एकच आहे हो.' हे वाक्य इतकं गुळगुळीत आहे की त्यावर बोटच ठरत नाही. पुढे उपनिषदं, सूफी आणि ख्रिस्ती गूढवादी नीट वाचायला घेतले, तेव्हा कळलं की ते असं म्हणतच नाहीत. ते दोन्ही टोकं पूर्ण ताकदीनिशी धरून ठेवतात. हे मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने सांगते. कंपास, लांब दोरा, एक चित्र आणि वही जवळ ठेवा.

आधी कंपास. 10 सेंमी लांबीची सरळ रेघ काढा. तिच्या दोन्ही टोकांतून जाणारा कंस काढायचा आहे, म्हणून ही त्या कंसाची जीवा. त्रिज्या 5 सेंमी घेतली तर कंस जीवेपासून 5 सेंमी वर उचलला जातो, म्हणजे चक्क अर्धवर्तुळ. तीच जीवा ठेवून त्रिज्या 10 सेंमी करा, उंची उरते सुमारे 1.3 सेंमी. त्रिज्या 50 सेंमी केली की अडीच मिलिमीटर. आता जमिनीवर दोरा आणि खडू घेऊन 2 मीटरची त्रिज्या घ्या. जेमतेम 0.6 मिलिमीटर, खडूच्या रेघेच्या जाडीतच ती हरवते. पंधराव्या शतकातला जर्मन ख्रिस्ती विचारवंत, कुसाचा निकोलस, याने 1440 साली 'जाणतं अज्ञान' या अर्थाच्या नावाचा लॅटिन ग्रंथ पूर्ण केला, त्यात हेच पुढे नेलं आहे: वर्तुळ अनंत झालं तर त्याचा परीघ सरळ रेषाच असेल. वक्र आणि सरळ तिथे एक होतात.

इथे घाई करू नका. दोरा कितीही वाढवा, कंस कधीच रेषा होत नाही. तो जवळ जातो, पोहोचत नाही. मर्यादित आणि अनंत यांच्यात कसलंही प्रमाण नाही, हे निकोलस वारंवार बजावतो. म्हणजे विरोध मिटतो तो आपल्या कागदावर नाही. कागदावर वक्र वक्रच राहतं, आणि तरीही ते कुठल्या दिशेने चाललं आहे ते दिसतं. हे मला समजलं त्या दिवशी मी बराच वेळ खडू हातात धरून जमिनीवर बसून होते.

मग चित्र. समोर रोखून पाहणाऱ्या चेहऱ्याचं कोणतंही चित्र भिंतीवर लावा आणि सोबतीला एक माणूस घ्या. एकाने डावीकडून उजवीकडे चालायचं, दुसऱ्याने उजवीकडून डावीकडे, नजर चित्रावर ठेवून. चित्राची नजर तुमच्याबरोबर सरकते. आता सोबत्याला विचारा. त्याच्याबरोबरही सरकते, उलट दिशेने, त्याच क्षणी, आणि चित्र तर जागचं हललेलं नाही. 1453 साली जर्मनीतल्या टेगर्नसे इथल्या ख्रिस्ती मठातल्या साधूंना निकोलसने असंच एक चित्र आणि हाच प्रयोग पाठवला होता. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की दुसरी बाजू तुम्हाला स्वतःला दिसतच नाही. ती दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवूनच कळते. एकट्याने करून हा प्रयोग अर्धाच राहतो.

आता वाचन. ईशावास्य उपनिषदाचा पाचवा मंत्र घ्या: ते हलतं, ते हलत नाही, ते दूर आहे, ते जवळ आहे. इथे दोन्ही बाजूंना 'हो' आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129वं सूक्त मात्र 'असत् नव्हतं, सत्ही नव्हतं' असं सुरू होतं. तिथे दोन्हींना 'नाही' आहे. बगदादचा सूफी अबू सईद अल-खर्राज याला विचारलं, देवाला कशाने ओळखलंस? तो म्हणाला, त्याने विरोधी गोष्टी एकत्र आणल्या त्यावरून. आणि मग त्याने कुराणातली आयत म्हटली: तोच आदि, तोच अंत, तोच प्रकट, तोच गुप्त. वहीत प्रत्येक वचनापुढे लिहा, यात 'दोन्ही हो' आहे की 'दोन्ही नाही'. या दोन जाती एकत्र कालवल्या की सगळं पुन्हा गुळगुळीत होतं.

विरोधी जोड्यांबद्दल वहीत लिहिलेलं तपासायला मी 451 सालच्या कॅल्सिडनच्या ख्रिस्ती धर्मसभेची चार पथ्यं वापरते. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण यांबद्दल तिथे ठरलं: मिसळायचं नाही, बदलायचं नाही, तोडायचं नाही, वेगळं काढायचं नाही. तो सिद्धान्त मानण्याची सक्ती कुणाला नाही, पण चाळणी म्हणून तो फार कडक आहे. आपण बहुतेकदा पहिल्याच पथ्यावर चुकतो, कारण काळं-पांढरं मिसळून करडं करायला सोपं जातं.

आईच्या शेवटच्या आजारपणात वहीच्या एका पानावर मी दोन वाक्यं लिहिली होती: 'ती राहावी', 'ती सुटावी'. रोज त्यातलं एक खोडायचा प्रयत्न करायचे आणि रोज अपराधी वाटायचं. एका रात्री खोडणं थांबवलं. मग तिचा हात धरून बसताना मला काही ठरवायचं नव्हतं.

ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त शिव-शक्तीबद्दल लिहिताना दोन डोळ्यांची एकच दृष्टी, असा दाखला दिला आहे. तोही करून पाहा. बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. दोन्ही उघडे ठेवून पलीकडच्या भिंतीकडे आणि बोटाकडे आलटून पालटून पाहा. मधलं अंतर इतकं ठसठशीत जाणवतं, त्यात मोठा वाटा दोन्ही डोळ्यांची चित्रं वेगळी असतात याचा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. अन्याय करणारा आणि सोसणारा, ही जोडी या वहीत घेऊ नका. 'दोन्ही बाजू एकच' म्हणून तिथे फक्त एकाची सुटका होते, आणि ती सोसणाऱ्याची नसते.

वहीत आठवड्याला एकच विरोधी जोडी पुरे. पहिल्या आठवड्यात दूर आणि जवळ घ्या. ज्या माणसाबद्दल ही दोन्ही खरी वाटतात, त्याचं नाव पानाच्या वर लिहा.