स्वयंपाकाचा व्यवसाय आणि थबकलेले वजन

बैठी नोकरी सोडून मी घरगुती जेवण पुरवण्याचे काम सुरू केले, तेव्हा दिवसभर उभ्याने वावर होणार असल्याने वजन आणखी उतरेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते जागच्या जागी थबकले. कारण शोधण्यासाठी मी तोंडात जाणारा प्रत्येक घास वहीत टिपू लागले, आणि चव पाहताना घेतलेले चमचे व कढईत अंदाजाने सोडलेले तेल हेच त्याचे मूळ असल्याचे स्पष्ट झाले. एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, तर प्रथिनांच्या किंवा कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४; त्यामुळे १५ मिलिलिटर तेलातच जवळपास १२० कॅलरी असतात.

आता तेल बाटलीतून थेट न ओतता मी ते चमच्याने मोजते आणि परतताना कांदा तळाला लागू लागला, की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारते. मला सर्वांत उपयोगी पडलेला बदल मात्र वेळेचा आहे: कडधान्ये आणि भाज्या भरपूर असलेले माझे जेवण मी स्वयंपाकाला लागण्यापूर्वीच उरकते, कारण भुकेल्या पोटी चव पाहणे लांबतच जाते. वजन पुन्हा हळूहळू उतरू लागले आहे, आणि ग्राहकही कमी तेलातल्या भाज्या आवर्जून मागू लागले आहेत.