वारीतला एक दिवस: दिवे घाट चालायचाय?

पूर्ण आळंदी ते पंढरपूर जमत नसेल तर पुणे–सासवड हा एक टप्पा करा, तीसएक किमी आहे, लांब आहे पण जमतो. एवढं झेपणार नसेल तर हडपसरहून सुरू करा, तिथे तुकोबांची पालखी सोलापूर रोडने लोणीकडे जाते आणि माउलींची सासवडकडे वळते, म्हणून कुठल्या दिंड्यांमागे चाललोय ते आधी बघा, नाहीतर भलतीकडे पोचाल.

पालखी पहाटेच निघते. रथाच्या जवळ चालायचा हट्ट नको, तिथे नुसती रेटारेटी, त्यापेक्षा तासभर पुढे निघा म्हणजे वडकीला जरा टेकता येतं आणि घाटातल्या वळणावर थांबून खाली मस्तानी तलाव आणि वर चढणारा रथ दोन्ही दिसतात, चढासाठी जादा बैलजोड्या लावतात तेही बघण्यासारखं. पण फोटोसाठी कठड्यावर चढू नका प्लीज.

नवे कोरे शूज अजिबात नकोत, वापरलेलेच घाला, मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, गर्दीत छत्रीची काडी शेजारच्याच्या डोळ्यात जाते. खायचं फार घेऊ नका, वाटेत चहा-केळी वाटणारे भरपूर असतात, पण त्यावर पहिला हक्क पंढरपूरपर्यंत जाणाऱ्यांचा.

दिंडीची रांग मधूनच कापायची नाही, कडेने ‘माउली, माउली’ म्हणत पुढे जायचं.

परतीला घाट गाड्यांना बंद असतो, बोपदेव घाटाने यावं लागतं आणि तिथेही ट्रॅफिक असतं, त्यामुळे रात्रीचे प्लॅन ठेवू नका.